स्क्विड गेम: गी-हुनने म्हाताऱ्याला फसवलं ते चालतं, आणि संग-वूने अलीला फसवलं की पाप? (तिन्ही सीझनचे स्पॉयलर आहेत)

अंबाझरी_काठ

तिन्ही सीझन पाहून झाले नसतील तर इथूनच मागे फिरा. पुढे सगळं फोडणार आहे.

ही नेटफ्लिक्सवरची कोरियन मालिका: कर्जात बुडालेली ४५६ माणसं एका बेटावर मोठ्या बक्षिसासाठी लहान मुलांचे खेळ खेळतात, हरला त्याला गोळी. गी-हुन नायक, संग-वू त्याचा लहानपणचा मित्र, अली परदेशातून आलेला कामगार. प्रश्न पहिल्या सीझनच्या सहाव्या भागाचा आहे. कंच्यांचा, म्हणजे गोट्यांचा, खेळ. प्रत्येकाकडे दहा कंचे, हातात अर्धा तास, आणि जोडीदाराचे सगळे कंचे काढून घ्यायचे. खेळ कोणता खेळायचा ते दोघांनी ठरवायचं, मारहाण तेवढी करायची नाही. जोड्या लावताना सगळ्यांना वाटलेलं की जोडीने मिळून खेळायचं असणार, म्हणून जो तो आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाला घेऊन बसला.

संग-वू अलीशी एकी-बेकी (मुठीतले कंचे सम की विषम ते ओळखायचं) खेळतो आणि हरत जातो. एक कंचा उरतो तेव्हा आधी अंगावर जातो, तू चिटिंग केलीस म्हणतो, मग सूर बदलून दोघंही वाचू अशी युक्ती सांगतो. कंचे सांडू नयेत म्हणून अलीच्या गळ्यात थैली बांधून देतो आणि त्या थैलीत खडे असतात. तिकडे गी-हुनही इल-नाम आजोबांशी एकी-बेकीच खेळतो, तोही हरत असतो. आजोबांना विसरायला होतंय हे लक्षात आल्यावर ते जे बोलले त्याच्या उलटं त्यांना सांगतो आणि एकेक करत कंचे काढून घेतो.

आमच्या घरी आणि ऑफिसात सगळीकडे संग-वूला शिव्या, आणि गी-हुनसाठी 'बिचारा, काय करणार'. मला हा हिशेब समजत नाही. दोघांनीही आपल्यावर विसंबलेल्या माणसाला फसवलं. हरणाऱ्याला गोळी आहे हे दोघांनाही माहीत होतं. मग फरक कसला? अलीचं काम करणारा अनुपम त्रिपाठी आपला दिल्लीचा म्हणून? की आजोबाच शेवटी खेळाचे मालक निघाले म्हणून? पण कंचे घेताना गी-हुनला ते कुठे माहीत होतं! त्याच्या लेखी म्हातारा मेला.

तर्रीपोहे

ताई, फरक आहे ना. गी-हुन घाबरून खोटं बोलते, अन् खोटं बोलताना त्याचं तोंड पाहा, रडून राहिला तो. संग-वूचं तोंड पाहा. थैली बांधून देताना काय शांत आहे बाप्पा! हे वर्गातले पहिल्या नंबरचे पोट्टे असेच असते, पेपर झाल्यावर म्हणते काहीच लिहिलं नाही बे.

पुणेकर_जावई

तर्रीपोहेंनी जे तोंडावरून ओळखलं ते कायद्याच्या भाषेतही सांगता येईल. संग-वूच्या कृतीत तयारी आहे: खोटी योजना रचणं, थैली बदलणं, अलीला लांब पाठवणं. गी-हुनच्या कृतीत संधी साधणं आहे. शिक्षा ठरवताना न्यायालय या दोन्हींत फरक करतं.

(सासुरवाडी प्रतापनगरची आहे, त्यामुळे इथे बोलण्याचा थोडा हक्क आहे असं समजतो.)

महालातला

जावईबापू, हक्क पूर्ण आहे, पण न्यायालय कुठून आणलं त्या बेटावर?

मी संग-वूचा वकील म्हणून उभा राहतो, कारण इथे त्याची मारबत झालेली दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळी इडा पीडा तिच्या डोक्यावर घालून तिला गावाबाहेर नेऊन जाळतो आणि घरी येऊन निवांत जेवतो. प्रेक्षकांनी या पोराचं तेच केलंय.

जरा आठवा. पहिल्या खेळानंतर सुटून सोलला परतल्यावर अलीजवळ बसभाड्याला पैसे नव्हते तेव्हा पैसे कोणी दिले? खायला कोणी घातलं? गी-हुनने नाही. काचेच्या पुलावर तो काचकाम करणारा माणूस काच निरखत उभा राहिला, मागे वेळ संपत आली. संग-वूने त्याला ढकललं म्हणून तिघं पलीकडे गेले, त्यात तुमचा सज्जन गी-हुनही होता. तो पुढच्या सुरक्षित काचेवर पाय ठेवून गेला आणि पलीकडे जाऊन संग-वूला विचारतो, तू त्याला का मारलंस! इतका राग होता तर थांबायचं होतं ना मागेच.

अंबाझरी_काठ

काका, पुलाचं एक वेळ मान्य. पण शेवटच्या तिघांत उरलेली ती मुलगी, से-ब्योक? ती काच लागून जखमी होती, तशीही फार वेळ काढणार नव्हती. गी-हुन दारावर हात आपटून डॉक्टर मागत होता आणि तेवढ्यात यानं तिचा गळा कापला. त्याला कुठली घाई होती?

महालातला

घाई होती. ती गेली नसती तर दोघं मिळून खेळ थांबवायला बहुमत करू शकले असते, आणि मग संग-वू घरी जाणार कशाला, तुरुंगात? ग्राहकांचे पैसे उडवलेत, आईचं दुकान गहाण टाकलंय. तुम्ही त्याची आकडेमोड पाहा. क्रूर आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण वेडी नाही.

तर्रीपोहे

काका वकील भारी आहे तुम्ही, पण अशिलाले फाशीच होणार.

माईंची_सून

मी सहसा वाचूनच निघून जाते, पण इथे राहवलं नाही.

सगळे जण गी-हुनचं 'घाबरून केलेलं' म्हणून सोडून देताय. आमच्या घरी सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे. मी तुम्हाला सांगते, अशा माणसाला फसवणं म्हणजे काय ते. माई सकाळी विचारतात, पेन्शन जमा झाली का? मी म्हणते, झाली. पासबुक दाखवते, त्या आकड्यावर बोट ठेवून वाचतात, समाधान होतं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी कंटाळून 'आज नाही आली' म्हटलं तरी त्या तेवढ्याच विश्वासाने 'बरं, उद्या येईल' म्हणतात. कारण त्यांच्याकडे ताडून पाहायला काहीच नाही. कालची गोष्ट माझ्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. आमच्याच एका नात्यातल्या माणसाने याच गोष्टीचा फायदा घेऊन त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली होती. 'मामी, तुम्हीच तर काल हो म्हणालात.' हुबेहूब गी-हुनचं वाक्य.

अलीला निदान डोकं वापरायची संधी होती. थैलीत हात घालून पाहू शकला असता. आजोबांना (म्हणजे गी-हुनला जे आजोबा दिसत होते त्यांना) तीही नव्हती. माझ्या मते त्या भागात सगळ्यात हीन काम गी-हुनने केलं. तो रडत होता म्हणून मला जास्तच राग आला. रडतोस तर थांब ना.

अंबाझरी_काठ

हे असं कोणीतरी बोलावं म्हणूनच धागा काढला होता. धन्यवाद, ताई.

धंतोली_डायरी

माईंची_सून यांच्या मुद्द्यात एक भर. गी-हुन फसवतोय हे लेखक-दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक आपल्याला विसरू देत नाही. आजोबांकडे शेवटचा कंचा उरतो, ते म्हणतात सगळं एकदम लावू. गी-हुन चिडतो, याला काही अर्थ आहे का? आणि आजोबा विचारतात, मला फसवून माझे कंचे घेतलेस त्याला अर्थ होता का? म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. मग ते स्वतःच शेवटचा कंचा त्याच्या हातात ठेवतात.

आता हे दृश्य शेवटचा भाग पाहून झाल्यावर पुन्हा पाहा. मालक स्वतःच्याच खेळात आलाय, गोळी त्याला लागणारच नाहीये, आणि समोरच्याला 'मी फसवलं' या ओझ्याखाली आयुष्यभर ठेवून तो उठून जातो. कंचा देणं हा त्याचा त्याग नाहीच. पहिल्यांदा पाहताना मी रडलो होतो, दुसऱ्यांदा मला त्या म्हाताऱ्याची भीती वाटली.

हिंगणा_शिफ्ट

रात्रपाळी करून आलो, झोपायच्या आधी वाचत बसलो.

तुम्ही सगळे गी-हुनला रिकामटेकडा, आईच्या पैशावर जुगार खेळणारा म्हणून बघताय. तो मोटार कारखान्यातला कामगार होता. छाटणी झाली, संप झाला, पोलिसांचा मार खाल्ला, डोळ्यासमोर सोबती मेला आणि त्याच रात्री मुलगी झाली तर हा बायकोजवळ नव्हता. हे त्याने मधल्या एका भागात सांगितलंय, लोक विसरतात. हे हवेतून आलेलं नाही. २००९ मध्ये कोरियात सांगयाँग मोटर्सच्या कामगारांनी छाटणीविरुद्ध ७७ दिवस कारखाना ताब्यात ठेवला होता, त्यावरून हे घेतलंय. तीच कंपनी पुढे २०११ मध्ये आपल्याकडच्या महिंद्राने घेतली, तेव्हा आमच्या एमआयडीसीत चहाच्या ठेल्यावर चर्चा व्हायची म्हणून मला ठाऊक.

माझे बाबा मिलमध्ये होते. कुठली ते नको. बंद पडायच्या आधी स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म आले. ठरलं होतं की कोणीच सही करायची नाही. आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्या आठवड्यात केली, पोरीचं लग्न काढलं होतं. बाबा शेवटपर्यंत थांबले आणि त्यांना त्यांच्यापेक्षा कमी मिळाले. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं बंद. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतो, काकांच्या मयताला बाबा गेले पण घरात शिरले नाहीत. मिल कोणी बंद केली, का केली, त्या जमिनीचं पुढे काय झालं, यावर बाबा कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलायचे ते एवढंच: 'त्यानं आधी सही केली.'

म्हणून मला हा संग-वू की गी-हुन वाद थोडा तसाच वाटतो. रागवा, पण कोणावर ते एकदा ठरवा.

पुणेकर_जावई

हिंगणा_शिफ्ट, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून विचारतो: 'व्यवस्था दोषी' म्हटलं की मग प्रत्येक जण सुटतो. त्याच खेळात जी-योंग आहे. २४० नंबरची. तिने मुद्दाम कंचा खाली पाडला आणि से-ब्योकला जाऊ दिलं. व्यवस्था तीच, अर्धा तास तोच. तिला जमलं ते बाकीच्यांना का नाही जमलं?

हिंगणा_शिफ्ट

कारण तिच्यासाठी बाहेर कोणी वाट पाहत नव्हतं. ती स्वतःच म्हणते की बाहेर पडून करायचं काय ते सुचत नाही. से-ब्योकचा धाकटा भाऊ अनाथाश्रमात होता. अलीची बायको आणि तान्हं बाळ. संग-वूची आई बाजारात मासळी विकते. ज्याला घर नाही त्याला उदार होणं सोपं जातं, हे मी कौतुक कमी करायला म्हणत नाही. पण तिच्या पट्टीने बाकीच्यांना मोजू नका.

तर्रीपोहे

दादा झोपा आता, परत रात्री ड्युटी आहे. पण बोलले तुम्ही जबरी.

वसुली_विभाग

आयडीवर जाऊ नका, आता ती नोकरी सोडली. काही वर्षं एका फायनान्स कंपनीत वसुलीला होतो, अर्धा विदर्भ दुचाकीवर फिरलोय.

मला सगळ्यात खरा वाटला तो दुसरा भाग, ज्यात एकही खेळ नाही. पहिल्या खेळात २५५ मेले, २०१ उरले. मतदान झालं, १०१ विरुद्ध १०० ने सगळे घरी. आणि मग २०१ पैकी १८७ परत आले. ऑफिसात सगळे म्हणत होते, काहीही दाखवतात, जीव वाचल्यावर कोण परत जाईल? मी गप्प बसलो. मी परत येणारे लोक पाहिलेत.

ज्याच्यावर चारी बाजूंनी कर्ज आहे तो माणूस पूर्ण रक्कम कधीच मोजत नाही. तुम्ही विचारा, एकूण किती? तो सांगणार नाही, लपवायचं म्हणून नाही, त्याने बेरीजच केलेली नसते. त्याला सोमवारचा हप्ता माहीत असतो. सोमवारच्या हप्त्यासाठी तो शनिवारी दुसऱ्या ॲपवरून उचलतो. मोबाईल नेहमी पालथा ठेवलेला. घरी गेलं की बायको म्हणते, हे बाहेरगावी गेलेत, आणि आतून खोकल्याचा आवाज येतो. अशा माणसाला एका खेळात सगळं मिटेल असं कोणी सांगितलं तर तो मेलेल्यांची संख्या पाहत नाही. छताला टांगलेल्या काचेच्या गोळ्यात बक्षिसाच्या नोटा पडताना पाहतो. ४५६० कोटी वॉन म्हणजे किती हे त्यांच्यातल्या अर्ध्यांनाही सांगता आलं नसतं.

संग-वूबद्दल महालातले काका बोलले ते मला पटतं, थोडं वेगळ्या कारणाने. कर्ज बुडाल्याची भीती गरिबाला असतेच. पण 'हुशार पोरगा' म्हणून गावभर ज्याचं नाव आहे त्याची भीती वेगळ्याच जातीची. आईला माहीत नाही की दुकान गहाण आहे. ती गिऱ्हाइकाला सांगतेय, माझा मुलगा कामानिमित्त अमेरिकेला गेलाय. हे मी अगदी असंच पाहिलंय, फक्त तिथे दुकानाऐवजी सातबारा होता आणि अमेरिकेऐवजी बंगलोर.

माईंची_सून

आणि शेवटी स्वतःला भोसकून घेताना त्याला तीच आठवते. गी-हुनला म्हणतो, माझ्या आईकडे बघ. तेवढ्या एका दृश्यापुरतं मी त्याला माफ केलं होतं. (आजोबांना केलं नाही. करणारही नाही.)

धंतोली_डायरी

मतदानाचा विषय निघालाच आहे तर ही गंमत पाहा. पहिल्या सीझनमध्ये बरोबरी असताना शेवटचं मत १ नंबरच्या खेळाडूचं, म्हणजे इल-नामचं. तो खेळ थांबवायला मत देतो. दुसऱ्या सीझनमध्ये पुन्हा शेवटचं मत १ नंबरचं, या वेळी तो इन-हो, मुखवटा काढून आलेला फ्रंट मॅन, म्हणजे खेळ चालवणारा. तो खेळ चालू ठेवायला मत देतो आणि १८३ विरुद्ध १८२ होतं. दोन्ही वेळा निकाल मालकाच्या हातात, आणि दोन्ही वेळा खेळाडूंना वाटतं की आपणच ठरवलं.

दुसऱ्या सीझनमध्ये प्रत्येक खेळानंतर मतदान ठेवलंय, छातीवर गोल (खेळ चालू) किंवा फुलीचा (खेळ बंद) बिल्ला लावलाय, आणि रात्री माणसं त्या बिल्ल्यावरून एकमेकांना मारतात. शंभर उरले तेव्हा ५० विरुद्ध ५०. म्हणून मला वाटतं, चर्चेचा खरा विषय कंचे नसून गोल दाबणारी माणसं हा आहे. तिथे घाबरून केलं, फसवलं गेलो, असं काही म्हणता येत नाही. बटण समोर आहे, रांगेत आपली पाळी आली आणि आपण 'अजून एक खेळ' म्हटलं.

तर्रीपोहे

अबे पण गोल दाबणाऱ्याचाही हिशेब बरोबरच आहे ना. आत्ता निघालो तं वाट्याला येते ते व्याजातच जाईन. अजून एक खेळ झाला, पाच-पन्नास मेले, तं मुद्दल फिटते. पानठेल्यावर सट्टा लावणारे पोट्टे हेच म्हणते, आता हरलेलं काढतो अन् बंद करतो. कोणी बंद नाही करत.

मला राग त्या १०० नंबरच्या बुढ्याचा येते. सगळ्यात जास्त कर्ज याच्यावर, अन् सगळ्यात मोठ्यानं भाषण हाच देते. असा एक काका प्रत्येक लग्नात असते.

महालातला

१०० नंबरवर सगळ्यांचं एकमत दिसतंय, तेव्हा त्याच्यावर वेळ घालवू नका. मला गुम-जाबद्दल बोलायचं आहे. आई-मुलगा. तिसरा सीझन, लपाछपी. लालवाल्यांकडे सुरे, निळ्यांकडे किल्ल्या; लालवाल्याने एक तरी निळा मारला नाही तर तो बाद. मुलगा योंग-शिक लाल. वेळ संपत आलीय, त्याच्या हातून कोणी मेलं नाही, आणि समोर कोपऱ्यात आई, नुकतीच बाळंत झालेली जून-ही आणि तिचं बाळ. तो सुरा घेऊन जून-हीकडे वळतो आणि आई अंबाड्यातला आकडा काढून स्वतःच्या पोराला भोसकते. पुढे पहारेकरी त्याला गोळी घालतात, ती त्यांच्या पाया पडत असते.

मला हे पटलं नाही. लेखकाने बाई आभाळाएवढी केली आणि आई पुसून टाकली. ज्याच्या कर्जासाठी ती त्या नरकात उतरली त्याला ती परक्या पोरीसाठी मारेल?

माईंची_सून

काका, मला पटलं, आणि का ते सांगते. ती त्याला मारायला नाही भोसकत. हात अडवायला भोसकते. तिला त्या क्षणी एवढंच दिसतं की माझा पोरगा बाळंतिणीवर सुरा उगारतोय. पोराने तसं होऊ नये, एवढंच. पुढचं गणित, की आता वेळ संपेल आणि याला गोळी घालतील, तिच्या डोक्यात आलंच नसेल. आलं तेव्हा ती पाया पडायला लागली. आईचा हात आधी उठतो. माझ्या आईनेही भावाच्या थोबाडीत मारलेली आहे आणि मग स्वतःच रात्रभर रडत बसलेली आहे.

आणि बाळंतपण तिनेच केलं होतं, त्याच अंधारात, स्वतःच्या हातांनी. ज्या हातांनी नाळ कापली त्या हातांसमोर कोणी त्या बाळावर चालून येतो. परकी कसली? त्या तासापुरती तीच तिची लेक.

महालातला

'हात अडवायला' हे मी धरलंच नव्हतं. पुन्हा पाहतो. पण मग त्याच रात्री तिने गळफास का घ्यावा? बाळ तर तिथेच होतं, तिच्याच भरवशावर.

माईंची_सून

त्याला माझ्याकडे उत्तर नाही, काका. गी-हुनच्या हवाली करून गेली एवढंच. मला तर वाटतं गी-हुन तोपर्यंत जिवंत असून मेल्यासारखा बसलेला, त्याला उठवायलाच लेखकाने तिला घालवली. तिथे मला लेखकाचा हात दिसला.

अंबाझरी_काठ

मेल्यासारखा बसलेला गी-हुन त्याच लपाछपीत डे-होचा गळा दाबतो, हे कोणीच काढलं नाही!

डे-हो म्हणजे दुसऱ्या सीझनमध्ये पहारेकऱ्यांविरुद्धच्या बंडात गी-हुनच्या सोबत असलेला पोरगा. तो घाबरला, बंडाच्या वेळी काडतुसं आणायला गेला आणि परत आलाच नाही. मरीन असल्याचं खोटं सांगितलं होतं. ठीक. पण बंड गी-हुनचं. रात्री दिवे गेल्यावर मारामारी होणार, आपलीच माणसं मरणार, हे माहीत असून 'थोड्यांचा बळी जाऊ दे, मग हत्यारं हाती येतील' हा बेत त्याचाच. त्याचा मित्र जंग-बे मेला तो फ्रंट मॅनच्या गोळीने. आणि सूड कोणावर? घाबरलेल्या पोरावर. हिंगणा_शिफ्टच्या बाबांचं वाक्य आठवलं मला.

इथे त्याला आजोबांच्या वेळचं 'अर्धाच तास होता' हेही म्हणता येत नाही. तो सगळ्यांना सोडून एकट्या डे-होला शोधत फिरतो.

हिंगणा_शिफ्ट

झोपून उठलो. डे-होचं तुम्ही बरोबर पकडलंत. तो प्रसंग मी अर्धवट सोडून चहा करायला उठलो होतो.

पुणेकर_जावई

पण मग शेवटी त्याची भरपाई होते ना? अंतिम खेळाच्या आदल्या रात्री इन-हो त्याला सुरा देतो, बाकीचे झोपलेत, संपव आणि बाळाला घेऊन जा. इन-होने स्वतः २०१५ मध्ये असाच सुरा घेऊन झोपलेल्यांना मारलं होतं. गी-हुन सुरा हातात घेतो आणि ठेवून देतो. माझ्या मते तिन्ही सीझनमधली खरी निवड हीच. बाकी सगळ्या ठिकाणी घड्याळ चालू होतं, इथे नव्हतं. रात्र त्याचीच होती.

तर्रीपोहे

जावईबापू फर्स्ट क्लास बोलले. पण शेवटचा खेळ उंच खांबांवरचा, त्यातल्या शेवटच्या खांबावर काय झालं ते सांगा. आधी बटण दाबायचं, मग पंधरा मिनिटांत एक तरी माणूस खाली पाडायचा, तं तो धरणार. म्योंग-गी अन् गी-हुन बटण न दाबताच भांडले अन् म्योंग-गी पडला. म्हणजे मेला तो फुकट मेला. आता उरले गी-हुन अन् बाळ (जून-ही गेल्यावर तिच्या जागी बाळच खेळाडू धरलं होतं), त्यातला एक पाहिजे. म्हणून गी-हुन गेला.

बटण आधी दाबलं असतं तं? गी-हुन बाळ अन् पैसे घेऊन बोटीत बसते, आपण सगळे म्हणतो वा वा. मंग हा त्याग की बटणाची चूक?

धंतोली_डायरी

दोन्ही. बटण राहिलं ही चूक, पण चूक निस्तरायला दुसराही रस्ता होता आणि तो एका हाताने ढकलण्याइतका सोपा होता. म्योंग-गी तर बाळाचा बापच होता, त्याच्या डोक्यात तो रस्ता आला होता.

वसुली_विभाग

एक राहून गेलं. २०१ मधून १८७ परत आले हे मी लिहिलं. म्हणजे १४ आले नाहीत. आपण इथे संग-वू, गी-हुन, गुम-जा सगळ्यांचं कातडं काढलं, त्या चौदांवर कोणी अक्षर बोललं नाही. सगळ्यात मोठी निवड त्यांचीच होती. कर्ज त्यांच्यावरही तेवढंच असणार.

असेही लोक मला भेटलेत. फार नाहीत. एक दिवस येतात, वहीत सगळी बेरीज केलेली असते, म्हणतात साहेब, एवढं देणं आहे, एवढं विकलंय, उरलेलं असं असं देईन. दुचाकी विकून बसने फिरतात. तुमच्याशी भांडतात, व्याज कमी करा म्हणून रोज येऊन बसतात. वसुलीवाल्याला यांच्याइतका कंटाळा कोणाचाच येत नाही.

अंबाझरी_काठ

ही मालिका कोण पाहील पण?

तर्रीपोहे

मी पाहीन ना. पहिला भाग: बायको म्हणते, मोबाईल सरळ ठेव. पोट्टा म्हणते, आधी गाडी कितीत गेली ते सांग.